ना अस्मानी, ना सुलतानी

2024 च्या मार्च महिन्यात आमच्या सोसायटीनं बोअरच्या पाण्याची तपासणी करून घेतली. दोन बोअर आधीच आटल्या होत्या, तिसरी अकराशे फुटांपर्यंत खाली नेली होती, आणि इतक्या खोलवरून आलेलं पाणी एकदा तपासून घ्यावं असं कमिटीत कोणालातरी सुचलं. अहवाल आला. लिटरमागे फ्लोराइड 1.9 मिलिग्रॅम, युरेनियम 41 मायक्रोग्रॅम. बाकीचे रकाने ठीक होते. रहिवाशांसाठी एक सूचना काढायची ठरली. इमारतीत सहा-सात भाषा बोलणारी माणसं राहतात. कन्नड मजकूर एका शेजाऱ्यांनी केला, तेलुगू दुसऱ्यांनी, आणि 'तुम्ही भाषांतरं करता ना' म्हणून मराठी आणि हिंदी माझ्याकडे आलं. दहा ओळींचा मजकूर होता. अठरा वर्षं मी कन्नडमधल्या कथा-कादंबऱ्या मराठीत आणते आहे, तरी त्या दहा ओळींनी मला तीन दिवस घेतले.

अडलं ते एका शब्दापाशी. मूळ इंग्रजी मजकुरात म्हटलं होतं की हे 'जिओजेनिक कंटॅमिनेशन' आहे. म्हणजे कारखान्यानं सोडलेलं नाही, कोणी ओतलेलं नाही, खडकातूनच पाण्यात उतरलेलं आहे. 'जिओजेनिक'साठी 'भूजन्य' असा शब्द करता येतो, बोजड वाटला तर 'जमिनीतूनच आलेलं' म्हणता येतं. दुसऱ्या शब्दाला मात्र मराठीत 'प्रदूषण' किंवा 'दूषित' याखेरीज पटकन काही सापडेना. आणि आपल्या भाषेत दूषण देणं म्हणजे बोल लावणं. प्रदूषण, दूषित आणि दोष ही एकाच घरातली भावंडं आहेत. 'पाणी दूषित आहे' म्हटलं की मराठी कान पुढचा प्रश्न आपोआप विचारतो: दोष कोणाचा? आणि मजकुराचा सगळा भर तर 'कोणाचाच नाही' हे सांगण्यावर होता.

शेजाऱ्यांचा कन्नड कागद मी मागवून पाहिला. त्यांना ही अडचण आलीच नव्हती. कन्नडमध्ये प्रदूषणाला 'मालिन्य' म्हणतात. इथल्या प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पाटीवरही तोच शब्द आहे. त्यांनी 'कलुषित' वापरलं होतं. कन्नडमध्ये पाणी मळतं, मराठीत ते दोषी ठरतं. पण आमचं पाणी मळलेलंही नव्हतं. काचेच्या ग्लासात ओतलं तर पलीकडची अक्षरं वाचता येतील इतकं नितळ होतं. वास नाही, रंग नाही, चवीलाही बरं. उकळून या दोन गोष्टी जात नाहीत, उलट पाणी आटतं तसं त्यांचं प्रमाण वाढतं. गढूळ पाण्याला भिणाऱ्या आपल्या सगळ्या जुन्या सवयी इथं निरुपयोगी होत्या, आणि शब्दही.

हे पाणी कुठून येतं ते आधी सांगायला हवं. बंगळुरूला बारमाही नदी नाही. शहर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंचीवरच्या खडकाळ पठारावर बसलं आहे. केंपेगौडांच्या काळापासून इथं तळी बांधली, विहिरी खणल्या. पुढे 1894 मध्ये हेसरघट्ट्याहून आणि 1930 च्या दशकात तिप्पगोंडनहळ्ळीहून अर्कावती नदीचं पाणी आलं, आणि 1974 पासून कावेरीचं, तेही सुमारे शंभर किलोमीटरवरून टप्प्याटप्प्यानं वर चढवून. कावेरीची नळवाहिनी जिथे पोचली नाही तिथे माणसं खाली उतरली. लालबागेत जो उघडा खडक दिसतो, ज्यावर केंपेगौडांचा बुरूज आहे, तो जवळजवळ तीनशे कोटी वर्षांचा आहे. तोच खडक, आणि त्याचे ग्रॅनाइटचे भाऊबंद, आमच्या इमारतीखालीही आहेत. अशा खडकाला सच्छिद्रता जवळपास नसते. वरच्या झिजलेल्या थरात पावसाचं पाणी मुरतं. त्याखाली पाणी असतं ते फक्त भेगांमध्ये. उथळ विहिरीतलं पाणी या वर्षाचं-गेल्या वर्षाचं असतं. हजार फुटांवरच्या भेगेतलं पाणी खडकाच्या अंगाला अंग लावून फार काळ पडलेलं असतं, आणि त्या सहवासात ते खडकातलं थोडं थोडं उचलत राहतं. फ्लोराइड, युरेनियम. पाण्यातला बायकार्बोनेट युरेनियमला धरून ठेवतो, आणि पाण्याची पातळी उतरून भेगांमध्ये हवा शिरली की एरवी घट्ट बसलेलं युरेनियम विरघळण्याजोगं होतं.

म्हणजे हे एकट्या आमच्या सोसायटीचं दुर्दैव नव्हतं. 2021 मध्ये भारतीय विज्ञान संस्थेतल्या आणि इतर संस्थांमधल्या संशोधकांनी पूर्व कर्नाटकातल्या 73 गावांच्या पिण्याच्या पाण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. 57 गावांत युरेनियम लिटरमागे 30 मायक्रोग्रॅमच्या वर होतं, 48 गावांत 60 च्याही वर. कोलार, चिक्कबळ्ळापूर, तुमकुरूकडच्या लोकांना फ्लोराइड तर कितीतरी जुनं ठाऊक आहे. शहराला ते नवं वाटलं, कारण शहर इतकं खोल पहिल्यांदाच गेलं होतं. त्याच मार्चमध्ये सरकारनं सांगितलं की बंगळुरूतल्या 13,900 बोअरपैकी 6,900 कोरड्या पडल्या आहेत. उपमुख्यमंत्र्यांनी आपल्या घरचीही आटल्याचं सांगितलं. ज्यांच्या चालू होत्या ते आणखी खाली जात होते.

आमचे सेक्रेटरी निवृत्त इंजिनियर आहेत. पाण्याच्या टँकरसाठी पहाटे पाचला उठून गेटवर उभे राहणारे, हिशेबाला चोख, सज्जन गृहस्थ. मी शब्दाची अडचण घेऊन त्यांच्याकडे गेले तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, इतकं ताणू नका. 'नैसर्गिक खनिजांचं प्रमाण किंचित अधिक आढळलं आहे' असं लिहा. खोटं नाही त्यात काही." खोटं नव्हतंच. मी ते वाक्य मराठीत लिहिलंही, आणि वाचून पाहिलं तर बाटलीबंद पाण्याच्या जाहिरातीसारखं वाटलं. नैसर्गिक साबण, नैसर्गिक गूळ, नैसर्गिक खनिजं. हा शब्द आता ज्याला चिकटेल त्याला निर्दोष करून टाकतो.

सेक्रेटरींचा दुसरा मुद्दा अधिक वजनाचा होता. ते म्हणाले, "41 वाईट आहे हे ठरवलं कोणी?" त्यांनी कागद काढून दाखवला. जागतिक आरोग्य संघटनेनं युरेनियमची मर्यादा 1998 साली 2 ठेवली होती, 2004 साली 15 केली, 2011 साली 30. आपल्या अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा 60. एकच ग्लास पाणी 1998 च्या मापानं वीसपट वाईट, 2011 च्या मापानं सव्वापटीहून जास्त, आणि मंडळाच्या मापानं चांगलं. "उद्या तेही 60 करतील. मग आपण लोकांना उगाच घाबरवलं असं होईल."

मला लगेच उत्तर देता आलं नाही. घरी येऊन वाचत बसले. 60 चा आकडा किरणोत्साराचा विचार करून काढलेला आहे. 30 चा आकडा युरेनियम हा एक जड धातू म्हणून मूत्रपिंडाला काय करतो त्यावर बेतलेला. नैसर्गिक युरेनियमचा किरणोत्सार सौम्य असतो; पिण्याच्या पाण्यात खरी भीती मूत्रपिंडाची. 2021 मध्ये भारतीय मानक ब्यूरोनंही पिण्याच्या पाण्यासाठी 30 हाच आकडा घेतला. तेव्हा दोन आकडे एकमेकांना खोटं पाडत नव्हते. ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत होते. आणि आम्ही मात्र आधी उत्तर ठरवून त्याला साजेसा प्रश्न निवडत होतो. फ्लोराइडच्या बाबतीत तर ही पळवाटही नव्हती. चालेल ती मर्यादा 1, दुसरा काहीच स्रोत नसेल तर 1.5, आणि आमचं 1.9.

आपल्याकडे संकटांची एक जुनी वाटणी आहे: अस्मानी आणि सुलतानी. अवर्षण, गारपीट, टोळधाड ही अस्मानी. फौजेची धूळधाण, वसुलीचा जाच ही सुलतानी. ही वाटणी नुसती बोलण्यापुरती नव्हती. जुन्या कागदपत्रांत या दोन शब्दांना धरून माणसं साऱ्यात सूट मागत असत. दोन्ही शब्द जोडीनं येतात, पण त्यांच्यापुढे माणूस वेगवेगळ्या रीतीनं उभा राहतो. अस्मानीपुढे हात जोडायचे, सुलतानीपुढे तक्रार मांडायची. एकीत दैव, दुसरीत धनी.

आमच्या बोअरचं पाणी यांपैकी कोणत्या खात्यात मांडायचं? वरून काही पडलं नव्हतं, राजानं काही लुटलं नव्हतं. हे खालून आलेलं होतं, आणि तीनशे कोटी वर्षांच्या खडकाला दूषण देणं म्हणजे भिंतीशी भांडणं. सेक्रेटरींचं म्हणणं मूळात हेच होतं: ज्यात कोणाचा दोष नाही ते अस्मानीत धरा, हात जोडा, पुढे चला.

पण खालून आलेलं ते आपणहून वर आलेलं नव्हतं. खडकात ते युरेनियम तीनशे कोटी वर्षं कोणाचंही मूत्रपिंड न बिघडवता पडून होतं. वरची तळी बुजवली, विहिरींत कचरा लोटला, झिजलेल्या थरातलं पाणी उपसून संपवलं, मग आम्ही अकराशे फुटांवर गेलो. शिवाय वरून जे मुरतं तेही निरागस राहिलेलं नाही. सांडपाण्यातून आणि खतांतून जमिनीत उतरलेलं नायट्रेट खडकातलं युरेनियम सुटायला हातभार लावतं असं अमेरिकेतल्या दोन मोठ्या भूजलसाठ्यांच्या अभ्यासातून 2015 मध्ये पुढे आलं. म्हणजे 'नैसर्गिक' हा शब्द पदार्थाच्या जन्माबद्दल खरा आहे, त्याच्या प्रवासाबद्दल नाही. विष जमिनीचं, दोर आमचा.

तरीही मला मान्य करायला हवं की या युक्तिवादानं माझं पूर्ण समाधान होत नाही. कारण तो अजूनही दोषी शोधतो आहे. खडक सुटला तर बोअर मारणारा, तो सुटला तर तळं बुजवणारा. आणि जिथे खरोखर कोणाचंच काही चुकलेलं नाही अशा जागा असतात. माझ्या घरात एक आहे.

माझे वडील यवतमाळ जिल्ह्यातले, पांढरकवड्याकडच्या एका खेड्यातले. त्यांचे दात सत्तराव्या वर्षीही पांढरे होते. त्यांच्याहून सोळा वर्षांनी लहान असलेल्या माझ्या आत्याचे दात मात्र मला आठवतात तेव्हापासून तपकिरी, खडबडीत, डागाळलेले. एक घर, एक चूल, एक आई. फरक एवढाच की वडील लहानपणी वाड्यामागच्या उघड्या विहिरीचं पाणी प्यायले, आणि आत्या कळत्या वयाची होईपर्यंत गावात हातपंप आला होता. 1972 च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात खेडोपाडी बोअर खणल्या गेल्या. जालना पंप, सोलापूर पंप ही नावं त्याच काळातली. पुढे देशभर गेलेल्या इंडिया मार्क टू पंपाची ती पूर्वज मंडळी. त्या पंपांनी पटकी आणि हगवण हटवली, मैलभर पाणी वाहणाऱ्या बायकांच्या डोक्यावरचे हंडे उतरवले. बोअर खणणाऱ्यांचं काही चुकलं असं मी म्हणू शकत नाही. त्या खडकात फ्लोराइड आहे हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. आणि दाताचं इनॅमल घडत असतानाच, म्हणजे वयाच्या सात-आठ वर्षांपर्यंतच, फ्लोराइड दात असे करून ठेवतं. मोठ्यांना डाग पडत नाहीत. त्यामुळे पंपाकडे कोणाचंच लक्ष गेलं नाही.

लक्ष गेलं ते आत्याकडे. 'पोरगी दात घासत नाही.' 'मिश्री लावते का?' 'खर्रा खाते वाटतं लपून.' तिला पाहायला आलेल्या दोन स्थळांनी हसून दाखवायला सांगितलं आणि चहा पिऊन गेले. तिनं तोंडावर पदर धरून हसायची सवय लावून घेतली, ती अजून आहे. गंमत अशी की पाण्यातलं फ्लोराइड तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर घालून काढायची साधी रीत, जिला नलगोंडा तंत्र म्हणतात, ती त्याच 1970 च्या दशकात नागपुरात, नीरीमध्ये विकसित झाली होती. गाव नागपूरपासून एका एस. टी. च्या अंतरावर होतं.

आत्याची गोष्ट मला जे शिकवते ते असं. कोणाचाच दोष नसलेलं दुःख रिकामं राहत नाही. दोष हा पाण्यासारखा उताराकडे धावतो. वर कोणी अडवून घेतला नाही तर तो सगळ्यांत खालच्या माणसापाशी येऊन साचतो, आणि बहुतेक वेळा तो माणूस म्हणजे ज्याला दुखतं आहे तोच. 'कोणाचाच दोष नाही' हे वाक्य समजूतदार वाटतं, पण ते म्हटल्यानंतर दोष कुठे वाहत गेला हे पाहिल्याखेरीज त्याला समजूतदार म्हणू नये. काही वर्षांपूर्वी एका दंतवैद्यांनी आत्याला सारं समजावून सांगितलं. घरी येऊन ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "म्हणजे माझं काईच चुकलं नव्हतं तर." पन्नाशीच्या बाईला ही बातमी म्हणून कळावी, याला अस्मानी म्हणायचं की सुलतानी?

मला वाटतं, या दोन खात्यांमधली रेघ संकट कुठून आलं यावरून ओढणं चुकीचं आहे. रेघ माहितीची आहे. कळेपर्यंत ते अस्मानी. अहवाल हातात आला त्या दिवसापासून तेच पाणी, त्याच आकड्यासकट, सुलतानी होतं. आणि ज्याच्या हातात अहवाल आणि नळाची तोटी दोन्ही आहेत तो त्या दिवसापुरता सुलतान.

पण असं म्हटलं की एक खोडसाळ वाट उघडी पडते. कळल्यानं जबाबदारी येत असेल तर न कळलेलंच बरं. तपासूच नका. बांगलादेशात याचा मोठा आणि भयंकर धडा आहे. 1970 च्या दशकापासून तिथे युनिसेफ आणि इतरांच्या मदतीनं लाखो कूपनलिका बसवल्या, तळ्याचं रोगट पाणी टळावं म्हणून. पुढे 1990 च्या दशकात उघड झालं की त्यांतल्या कितीतरी नळांच्या पाण्यात आर्सेनिक आहे, हिमालयातून आलेल्या गाळात मुळातच असलेलं. ब्रिटिश भूगर्भ सर्वेक्षण संस्थेनं 1992 मध्ये तिथल्या पाण्याचे नमुने अनेक घटकांसाठी तपासले होते, आर्सेनिकसाठी नाही. एका रुग्णानं दावा लावला. तो 2006 मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि फेटाळला गेला. न्यायमूर्तींचं म्हणणं थोडक्यात असं की त्या संस्थेचा बांगलादेशच्या पाणीपुरवठ्यावर काही ताबा नव्हता, तेव्हा ते पाणी पिणाऱ्यांप्रती तिचं तसं कर्तव्यही नव्हतं. कायदा म्हणून मी हे समजू शकते. ज्यानं काहीतरी तपासलं त्याला न तपासलेल्या सगळ्याबद्दल धरलं, तर उद्या कोणी काहीच तपासणार नाही. पण त्याच तर्काची दुसरी बाजू आमच्या गेटवर उभी होती. ताबा ज्याचा, कर्तव्य त्याचं. आमच्या बोअरवर ताबा आमचा होता.

गेटवर म्हणते ते अक्षरशः. सोसायटीच्या कुंपणाच्या भिंतीला बाहेरच्या बाजूनं एक नळ आहे. इमारत बांधली जात असताना कामगारांसाठी काढलेला, पुढे तसाच ठेवलेला. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर पत्र्याच्या चाळीस-पन्नास खोल्या आहेत. रायचूर, यादगीर, कलबुर्गी, बिदरकडून आलेली माणसं राहतात. आमच्या घरी कामाला येणाऱ्या अक्का त्यांतल्याच, बिदर जिल्ह्यातल्या औरादच्या. आम्ही एकमेकींना अक्काच म्हणतो आणि मराठीत बोलतो. तो नळ आमच्या सोसायटीला अभिमानाची गोष्ट होती. पाणी पाजण्याहून मोठं पुण्य नाही. पाणपोईच ती, भिंतीत बसवलेली. आमच्या स्वयंपाकघरांत आरओ होतं. बाहेरच्या नळाला थेट बोअरचं पाणी जात होतं. आणि सूचना, ती कितीही भाषांत असली तरी, लिफ्टमध्ये लागणार होती.

हे माझ्या लक्षात यायला तीन दिवस लागले हे मी लिहून ठेवते. शब्दाची चिकित्सा मी पहिल्या तासात सुरू केली होती. तो शब्द कोण वाचणार याची चौथ्या दिवशी.

मग मी सूचना नव्यानं लिहिली. मराठीत दोष लपवायची एक हुकमी सोय आहे: 'पाणी दूषित झालं आहे', 'आढळून आलं आहे', 'असं निदर्शनास येतं'. क्रियापद आहे, कर्ता नाही. मी नाम काढून टाकलं आणि कर्ता घातला. 'आम्ही हे पाणी अकराशे फुटांवरून काढतो. त्यात फ्लोराइड आणि युरेनियम पिण्याच्या मर्यादेपेक्षा जास्त आहे. ते रंगावरून, वासावरून, चवीवरून कळत नाही. उकळून जात नाही. लहान मुलांना हे पाणी पिऊ देऊ नका. आंघोळीला, धुण्याला चालेल.' त्यात प्रदूषण नव्हतं, मालिन्य नव्हतं, निसर्गही नव्हता. हिंदी केलं, शेजाऱ्यांकडून कन्नड आणि तेलुगू करून घेतलं, आणि कमिटीला न विचारता बाहेरच्या नळाशेजारी चिकटवलं. ते मी न विचारता करायला नको होतं. पण केलं.

दुसऱ्या दिवशी अक्का आल्या. त्यांना कन्नड आणि मराठी दोन्ही वाचता येतं. दोन्ही वाचून आल्या होत्या. भांडी घासत, मान वर न करता म्हणाल्या, "अक्का, तुमचा कागद वाचला. आता कोन्तं पानी प्यायचं, तेबी लिवा की."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. जवळचं शुद्ध पाण्याचं यंत्र, ज्यात पाचाचं नाणं टाकलं की वीस लिटर पाणी येत असे, ते दीड किलोमीटरवर होतं आणि त्या उन्हाळ्यात निम्मे दिवस बंद होतं. टँकरचं पाणी कोणत्या बोअरचं, ते टँकरवाल्यालाही सांगता येत नव्हतं. माझी दहा वाक्यं खरी होती आणि त्यांनी त्या वस्तीतल्या बायकांना एका पाण्यापासून तोडून दुसऱ्या कुठल्याच पाण्यापाशी नेलं नव्हतं. संध्याकाळी कमिटीनं नळ बंद केला. सेक्रेटरी म्हणाले, "लेखी दिलंत ना तुम्ही की पाणी वाईट आहे? आता चालू ठेवला आणि कोणी आजारी पडलं तर जबाबदार कोण?" त्यांचंही बरोबर होतं. माझ्या कागदानं आम्हा सर्वांचे हात मोकळे केले होते. सत्य सांगणं आणि हात झटकणं या दोन कृती बाहेरून किती सारख्या दिसतात ते मी त्या दिवशी पाहिलं.

बांगलादेशात तपासलेल्या कूपनलिकांना रंग देत गेले: लाल म्हणजे पिऊ नका, हिरवा म्हणजे प्या. मी आधी वाचलं तेव्हा मला त्यातला लाल रंगच लक्षात राहिला होता. रंगवण्याला अर्थ होता तो हिरवा नळही गावात कुठेतरी होता म्हणून. जिथे हिरवा नळच नाही तिथे लाल रंग म्हणजे नुसती ताकीद, आणि ताकीद देणारा सुरक्षित.

नळ एकोणीस दिवस बंद होता. त्या दिवसांत बायका हंडे घेऊन रस्त्यापलीकडे जात. दोन बैठका झाल्या, त्यांत माझ्यावर बरंच बोललं गेलं, काही रास्त होतं. शेवटी ठरलं ते साधं होतं: आवारातल्या मोठ्या आरओ यंत्रातून एक नळी बाहेर काढायची, सकाळी सहा ते नऊ. जुना नळ धुण्यासाठी चालू ठेवायचा. आता तिथे दोन तोट्या आहेत. डावीकडे 'प्यायला', उजवीकडे 'धुवायला', चार भाषांत. अक्का म्हणाल्या, आता लिहिल्यासारखं वाटतं.

गोष्ट इथं संपवता आली असती तर बरं झालं असतं. पण आरओ पाण्यातलं युरेनियम नाहीसं करत नाही. ते बाजूला काढतं. आमचं यंत्र निम्मं पाणी शुद्ध करून देतं आणि उरलेल्या निम्म्यात जवळजवळ सगळं ढकलतं. म्हणजे टाकून दिलेल्या पाण्यात ते साधारण दुप्पट होतं. ते आम्ही फरशीला, गाड्यांना वापरतो, आणि उरलेलं पावसाच्या पाण्यासाठी खणलेल्या शोषखड्ड्यात सोडलं जातं. तिथून ते पुन्हा खाली जातं. वाल्या कोळ्याच्या घरच्यांनी पापात वाटा घ्यायला नकार दिला होता. आमचा वाटा कोण घेतं हे विचारायची सोयही नाही, कारण खालच्या भेगा कुठे कुठे जातात ते कोणी पाहिलेलं नाही. खडकानं दिलेलं होतं तोवर ते भूजन्य. आमच्या यंत्रातून दुप्पट होऊन खड्ड्यात गेलं की ते काय, याला मला कोणत्याच भाषेत शब्द हवा असं आता वाटत नाही. ते आम्ही करतो, एवढं वाक्य पुरे आहे.

2024 च्या ऑक्टोबरमध्ये कावेरीचा पाचवा टप्पा सुरू झाला, शहरात सामील केलेल्या 110 खेड्यांसाठी. आमच्या भागातही नळवाहिनी येईल असं म्हणतात. ती आली की बोअर बंद होईल, आणि हा सगळा प्रश्न आमच्यापुरता मिटेल. पत्र्याच्या खोल्यांना जोडणी मिळेल का, ते जोडणी देताना मालकीचा कागद लागतो का यावर अवलंबून आहे. शोषखड्ड्याचा विषय मी येत्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर घातला आहे. सेक्रेटरींनी विचारलं, कोणत्या शब्दांत लिहू? मी त्यांना कर्त्यासकट वाक्य दिलं. त्यांनी ते तसंच लिहून घेतलं, मग थोडं थांबून 'आम्ही'च्या जागी 'सोसायटी' केलं. मी पेन घेऊन पुन्हा 'आम्ही' केलं.